भिंतीपलीकडचा खोकला

पहिलंच सांगून टाकते. माझा टीबी बरा झालाय, पुन्हा पुन्हा तपासून झालंय, आता माझ्या शेजारी बसायला कुणी घाबरायचं कारण नाही. हे लिहितेय ते ज्यांच्या घरात आत्ता एक खोली बंद आहे त्यांच्यासाठी. आणि थोडं माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणूनही. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू?

टू बीएचके

मी वैशाली. राहायला मुलुंड पूर्वेला, नोकरी साकीनाक्याला. औषधं शोधणाऱ्या कंपन्यांना नवे रेणू बनवून देणारी एक छोटी लॅब आहे, तिथे एकोणीस वर्षं झाली. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात खाली मोटार वाइंडिंगचा गाळा, वर आमचे काचेचे फ्लास्क, आणि केस दोनदा धुतले तरी न जाणारा एक उग्र वास.

तो वास क्विनोलिनचा. माझी बहुतेक नोकरी या एकाच रेणूच्या सांगाड्यावर झाली. दोन षटकोन एकमेकांना चिकटलेले, मधली भिंत सामाईक, आणि एका कोपऱ्यात कार्बनऐवजी नायट्रोजन. आमचे देसाई सर नव्या पोरांना समजवायचे, "टू बीएचके आहे रे हा. भिंतींना हात लावायचा नाही, फर्निचर तेवढं बदलायचं." आणि खरंच, फर्निचर बदललं की त्याच घरातून मलेरियाचं औषध निघतं, सांधेदुखीचं निघतं, जंतू मारणारं निघतं. मला याचं भयंकर कौतुक होतं. घरी येऊन स्वयंपाक करता करता मी सासूबाईंना सांगत बसायचे.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शहात्तर वर्षांच्या. संधिवातासाठी रोज एक गोळी घेतात. एकदा भाजी निवडता निवडता मी म्हटलं, "आई, तुमची सांध्यांची गोळी आणि माझी ती खोकल्यावरची गोळी, दोन्ही एकाच घरातल्या बरं का."

"अगं बाई! म्हणजे बहिणी म्हणायच्या?"

"सख्ख्या नाही, चुलत."

दोघी हसलो. ते हसणं मला पुढे फार महागात पडलं.

माझा शहाणपणा

"माझी खोकल्यावरची गोळी" हे काय प्रकरण, ते सांगते. ज्या वर्षी आजारी पडले त्या वर्षी उन्हाळ्यात मला खोकला लागला. डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला? लिव्होफ्लॉक्सासिन नावाची गोळी मला आतून-बाहेरून ठाऊक होती, तिचा सांगाडा मी झोपेतसुद्धा काढून दाखवला असता. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणली आणि घेतली. चार दिवसांत खोकला गेला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. महिन्याभराने परत आला, परत घेतली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मात्र नुसता थोडा कमी झाला, आणि संध्याकाळी अंगात कसकस राहू लागली. उरलेल्या दोन स्ट्रिप मी स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या आणि विसरून गेले.

शिकलेली असून असं कसं केलंस, असं मला खूप जणांनी विचारलं. अहो, शिकलेली होते म्हणूनच केलं.

पेन खाली ठेवलं तो दिवस

छातीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. एक्स-रे उजेडावर धरून त्या बराच वेळ बघत होत्या. डाव्या बाजूला वरती धुकं होतं.

"आधी काही औषध घेतलंत?"

मी गोळीचं नाव सांगितलं, डोस सांगितला, किती दिवस तेही सांगितलं. अगदी परीक्षेत उत्तर येत असल्यासारखं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळा?"

"तीनदा."

"तुम्ही लॅबमध्ये काम करता ना हो?"

बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ही गोळी टीबीच्या जंतूलाही लागते. पण एकटी दिली तर नुसती मारहाण करून सोडते, आणि मार खाऊन उठलेला जंतू शहाणा होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते माझ्याबद्दल असेल असं वाटलं नव्हतं.

थुंकीचा रिपोर्ट आला तेव्हा माझा नवरा प्रमोद सोबत होता. टीबी होता, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. आणि त्या माझ्या लाडक्या गोळीलाही न जुमानणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातात औषधं मोजकीच उरलीत. त्यांतलं एकही आपल्याला गमवायचं नाहीये. काही त्रास झाला तर मला लगेच सांगायचं."

त्या उरलेल्यांतल्या मुख्य गोळीचं चित्र मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. दोन षटकोन, मधली भिंत सामाईक, कोपऱ्यात नायट्रोजन. मी मोबाइल पालथा घातला. एकोणीस वर्षं मी त्या घराला बाहेरून फर्निचर पुरवलं होतं, आता ते माझ्या अंगात राहायला येणार होतं.

बंद खोली

आतली खोली माझी झाली. दार बंद, खिडकी सताड उघडी, तोंडाला मास्क. मुलगी इरा तेव्हा अकरावीत, ती कॉलेज आणि क्लासला. प्रमोद बँकेत. दिवसभर घरात मी आणि आई, मध्ये भिंत. दुपारी एक वाजता आई ताट आणायच्या, बाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या, हातातल्या पाटल्या दारावर दोनदा वाजवायच्या आणि म्हणायच्या, "वैशू, ताट ठेवलंय गं." त्या लांब गेल्या की मी दार उघडायचं. दिवसभरात माणसाचा एवढाच आवाज.

औषधांनी दुसऱ्या महिन्यापासून रंग दाखवला. अक्षरशः. एका गोळीने कातडी काळपट तांबूस होत जाते. तोंड धुताना आरशातली बाई रोज थोडी थोडी दुसरीच कुणीतरी व्हायला लागली. इराने एकदा दाराच्या फटीतून बघितलं आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघून गेलं. लगेच म्हणाली, "काही नाही मम्मा, पाय आपटला." पाय-बिय काही आपटला नव्हता.

आणखी एक गोळी होती, ती डोक्याशी खेळते असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. "आवाज ऐकू आले, कुणी दिसलं, तर लपवू नका. मला ते औषध कमी करावं लागेल, कदाचित बंदही."

आमच्या बाथरूमला जुन्या षटकोनी लाद्या आहेत. एक दिवस माझ्या लक्षात आलं की दोन पांढऱ्या लाद्या बाकीच्यांपेक्षा जरा वर आल्यात. एकमेकींना चिकटलेल्या, आणि एकीचा कोपरा काळा. मी पायाने चाचपून पाहिलं, लादी सपाट. डोळे मिटून उघडले, लाद्या परत वर. दुसऱ्या दिवशी ती जोडी दाराच्या जवळ सरकलेली होती. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याला टेकली. मी आंघोळ उरकायची आणि खाली न बघता बाहेर यायचे. कुणाला काही बोलले नाही.

खोकला

मग तो खोकला सुरू झाला.

दुपारी अडीच-तीनला बिल्डिंग अगदी चिडीचूप असते. मी खोकले. एक श्वास जाईल एवढा वेळ गेला, आणि भिंतीपलीकडून तोच खोकला आला. माझाच. तसाच कोरडा, शेवटी तसाच ओढलेला. मी थांबले. पलीकडेही थांबलं. मी मुद्दाम हलकं खोकले. पलीकडून हलकं खोकलं. मी उशी तोंडावर दाबून धरली आणि पाच मिनिटं अजिबात खोकले नाही. पलीकडून काहीच नाही. सहन होईना म्हणून खोकले, तर लगेच उत्तर.

रोज. तीन आठवडे. कधी दुपारी, कधी सकाळी अकराला, कधी रात्रीही, पण नेहमी माझ्यानंतर. मी आधी, ती मागून. मी मनात तिला "ती" म्हणायला लागले होते, इथवर माझी मजल गेली होती. आरशातली ती काळी बाई पलीकडच्या खोलीत जाऊन बसलीय आणि माझी वाट बघतेय, असं मला दिवसाढवळ्या, ऊन खिडकीत आलेलं असताना वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "कानात काही आवाज?"

"नाही."

खोटं का बोलले? भीतीने. एक औषध मी माझ्या हाताने घालवून बसले होते. दुसरंही गेलं तर काय उरलं? मी ठरवून टाकलं की जे ऐकू येतं ते खरं नाही, आणि जे खरं नाही ते सांगायचं नाही. सोपं करून टाकलं. आईंना फक्त एकदा दाराआडून विचारलं, "आई, दुपारी तुम्हाला काही ऐकू येतं का हो?"

त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही गं बाई. झोपते ना मी." आणि पाटल्यांचा आवाज लांब गेला.

पिवळी रेघ

त्या दिवशी एक वाजता पाटल्या दारावर एकदाच वाजल्या. दुसऱ्यांदा वाजल्याच नाहीत. मग स्टीलचं काहीतरी पडल्याचा मोठा आवाज, ते फरशीवर गोल गोल फिरत राहिल्याचा आवाज, आणि मग शांतता.

मी पलंगावर बसून राहिले. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी बसून राहिले. म्हटलं, आता भांडी पडायला लागली डोक्यात. वाट लागली आपली. मी हाक मारली, "आई?" उत्तर नाही. म्हटलं, बरोबरच आहे, भासाला हाक मारली तर उत्तर कुठून येणार?

मग दाराखालून एक पिवळी रेघ आत आली. हळूहळू, फरशीच्या उताराने, माझ्या पलंगाकडे. लाद्या सरकायच्या तशीच. मी बघत बसले. ती पायाला लागली.

गरम होती. वरण होतं.

मी दार उघडलं. आई आडव्या पडल्या होत्या, डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. मी मास्क चाचपला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. खिडकीतून वॉचमनला हाक मारली, प्रमोदला फोन केला. नाडी हाताला लागत होती, पण मध्येच गायब व्हायची आणि मग दोन ठोके घाईघाईने यायचे. पायरी चुकल्यासारखे. त्यांच्या कमरेला खोचलेला रुमाल सुटला होता आणि त्यातून एक स्ट्रिप बाहेर आली होती. सहा गोळ्या संपलेल्या, चार शिल्लक. बिस्किटांच्या डब्यातली. माझी.

रिक्षात त्या शुद्धीवर आल्या आणि खोकल्या. माझ्या मांडीवर. कोरडा, शेवटी ओढलेला.

एकाच घरातल्या

हॉस्पिटलात छातीला तारा लावल्या. हृदयाचे ठोके चुकत होते. संधिवाताची ती गोळी आणि खोकल्याची ती गोळी, दोन्ही एकत्र आल्या की हृदयाच्या ठेक्याला धक्का लावू शकतात. भिंती एकच असलेल्या घरांना खोडीही कधी कधी एकच असते. हे मला पाठ होतं. भाजी निवडताना मी त्यांना बहिणींची गंमत सांगितली, ही गोष्ट सांगितली नाही.

मी विचारलं, "आई, का घेतल्यात हो?"

"तूच म्हणालीस ना एकाच घरातल्या आहेत. एक मला मानवते, तर दुसरी का नाही मानवणार? तुला चार दिवसांत बरं वाटायचं, मी बघितलं होतं ना."

"आणि खोकला लपवलात कशाला?"

त्या छताकडे बघत होत्या. "तुला कळलं असतं तर तू जिवाला लावून घेतलं असतंस. म्हटलं, माझ्यामुळे आईंना झालं, असं म्हणत बसशील. म्हणून तू खोकलीस की मागोमाग मी खोकून घ्यायचे. वेगळा आवाज कुणाला यायला नको."

मी वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. तीन आठवडे ती म्हातारी बाई भिंतीपलीकडे माझ्या खोकल्याची वाट बघत बसली होती. उबळ आली तरी दाबून. आणि मी तिला भूत समजत होते.

थुंकी तपासली. टीबी. माझाच जंतू, माझ्याचसारखा अडेलतट्टू. रोगही मीच दिला आणि गोळीही मीच दिली. प्रमोद जिन्यात माझ्यावर ओरडला. तो कधी ओरडत नाही. "एवढं शिकलीस ना तू? मग घरात कुणाला काय सांगावं एवढं कळलं नाही तुला?" मग तोच पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला तरी कुठे ऐकू आलं? मी तर रोज संध्याकाळी घरीच होतो ना." आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. इराने आम्हाला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "मम्मा, मला यायचा ऐकू. मला वाटलं तुझाच आहे."

म्हणजे घरात सगळ्यांना ऐकू येत होता. विचारलं कुणीच नाही.

बारा दिवस

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. आईंना ज्या औषधाने वाचवायचं तेही त्याच टू बीएचकेतलं, तेही हृदयाच्या ठेक्याशी लगट करणारं. दोन्ही जुन्या गोळ्या बंद करून ठोके ताळ्यावर आले तरच ते सुरू करता येणार होतं. नाही आले तर डॉक्टरीणबाईंकडे देण्याजोगं फार काही उरणार नव्हतं. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं, आणि मी पहिल्यांदा त्यांना स्पष्ट सांगितलं, "मला भास होतात. लाद्या सरकतात. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी माझी ती गोळी कमी केली. बंद केली नाही. एवढ्यासाठी मी जीव मुठीत धरून बसले होते! म्हणाल्या, भास जायला थोडे दिवस लागतील.

आई हॉस्पिटलात, मी घरी माझ्या खोलीत. ताट इरा सकाळीच ठेवून जायची. दुपारी घरात माझ्याशिवाय कुणी नसायचं. आणि बरोबर एक वाजता दारावर पाटल्या वाजल्या. दोनदा. "वैशू, ताट ठेवलंय गं."

आई हॉस्पिटलात आहेत हे मला माहीत होतं. त्यांच्या पाटल्या तारा लावताना काढून प्रमोदकडे दिल्यात, त्या कपाटात आहेत, हेही माहीत होतं. तरी मी उठले आणि दार उघडलं. रिकामा पॅसेज. स्टूल रिकामं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं, पाटल्या वाजल्या म्हणजे तिकडे काही झालं. मी दार उघडून बघायचे, मग प्रमोदला फोन करायचे, "आई ठीक आहेत ना?" तो म्हणायचा, "आहेत गं, आत्ता चहा घेतला." एकदा तो वैतागला, "रोज एक वाजताच का फोन करतेस?" मी म्हटलं, असंच. पण दार न उघडता मी एक दिवसही राहिले नाही. एकदा बसून राहिले होते, तेवढं पुरे झालं होतं मला.

तुमच्या घरात कुणी बंद खोलीत असेल तर माझं एवढं ऐका. भास वाटला तरी उठून बघा. खोकला ऐकू आला तर तो कुणाचा ते विचारा. आणि मला कळतं असं म्हणून कुणाच्याही गोळ्या कुणालाही देऊ नका, आपल्या आपणही घेऊ नका. आपल्याला चित्र काढता येतं म्हणजे औषध कळतं असं नाही.

लाद्या खाली बसल्या. आरशातली बाई काळीच होती, पण मीच होते. पाटल्या मात्र वाजत राहिल्या, दिवसेंदिवस हलक्या. अकराव्या दिवशी प्रमोदचा मेसेज आला: ठोके सरळ आले, गोळी सुरू केली. बाराव्या दिवशी एक वाजता पाटल्या वाजल्याच नाहीत. मी दाराशी खुर्ची घेऊन दोन वाजेपर्यंत बसले. खरं सांगते, आवाज आला नाही म्हणून जास्त घाबरले.

तेराव्या दिवशी एक वाजून गेला. मग दारावर टकटक झालं. पाटल्यांची किणकिण नाही, नुसती हाडं लाकडावर वाजावीत तसा सुका आवाज. हा आवाज मी ओळखत नव्हते. एक क्षण वाटलं, नको उघडायला.

उघडलं. समोर आई. मास्क लावलेला, हात रिकामे, मनगटं पाटल्यांशिवाय उघडी, मागे पॅसेजमध्ये प्रमोद पिशव्या घेऊन उभा. डॉक्टरीणबाईंनी सांगून पाठवलं होतं की दोघींचा जंतू एकच, औषधं एकच, आता या दोघींच्या मध्ये दार नको.

"बाई गं," आई म्हणाल्या, "एका टकटकीला उघडलंस? दाराशीच बसून होतीस की काय?"

"हो," मी म्हटलं.

त्या आत आल्या. पाच महिन्यांत त्या खोलीचा उंबरा ओलांडणारं पहिलं माणूस. पलंगावर माझ्या शेजारी बसल्या, माझा काळा हात आपल्या रिकाम्या हातात घेतला, आणि मान न वळवता, तोंडही न दाबता, मोकळेपणाने खोकल्या.